रुळांच्या दोन बाजू : माटुंगा नावाचे उपनगर आणि आपले वाचन

‘महानगरी साहित्य’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आता इतकी सवयीची झाली आहे की, महानगर म्हणजे नेमका कोणता भूभाग, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. गिरणगाव, गिरगावातली चाळ, कामाठीपुरा, फूटपाथ ही या साहित्याची ठरलेली स्थळे आहेत. उपनगर त्यांत उशिरा येते आणि बहुधा दुय्यम पात्र म्हणून येते. चाळ सुटली, ब्लॉक मिळाला, शेजार तुटला, लोकलची गर्दी वाढली, एवढ्यात आपले उपनगराविषयीचे बोलणे संपते. उपनगर कोणी वसवले, कोणासाठी वसवले, तिथे पाणी कोणाच्या नळाला आधी आले आणि मैला कोणी वाहिला, हे प्रश्न आपण नगरपालिकेच्या अहवालांवर सोडून देतो. माझे म्हणणे असे की, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासाचेही आहेत, आणि ते टाळल्यामुळे आपण एकाच जागेतून आलेल्या साहित्याचे दोन वेगळे इतिहास लिहून बसलो आहोत.

हे मला पुस्तकातून नव्हे, वर्गात कळले. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात महानगरी कथा शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना आपापल्या परिसराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितले होते. वर्गात दोन विद्यार्थिनी माटुंग्याच्या होत्या. एकीच्या नकाशात रेल्वे स्थानक कागदाच्या डाव्या कडेला होते. त्याच्या उजवीकडे देवळे, फुलवाले, उडुपी खानावळी, पाच बगिचे, महाविद्यालये असे सगळे गजबजलेले होते. डावीकडे कागद संपला होता. दुसरी लेबर कॅम्पात वाढलेली. तिच्या नकाशात तेच स्थानक उजव्या कडेला होते. डावीकडे बुद्धविहार, सार्वजनिक नळ, महापालिकेची शाळा आणि धारावीकडे जाणारा रस्ता. उजवीकडे कागद कोरा. दोघी रोज एकाच स्थानकावर उतरत होत्या आणि एकाच वर्गात बसत होत्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा एक पूर्ण उपनगर तयार झाले. आपल्या अभ्यासक्रमात मात्र ते दोन कागद आजवर शेजारी ठेवलेले मी पाहिलेले नाहीत.

आज माटुंगा मुंबई शहर जिल्ह्यात मोडते आणि खऱ्या उपनगरातल्या माणसाला ते ‘गावातच’ वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत दादर-माटुंगा हेच मुंबईचे उपनगर होते. निखिल राव यांनी ‘हाऊस, बट नो गार्डन’ (२०१३) या ग्रंथात मुंबईच्या उपनगरी जीवनाचा इतिहास लिहिताना याच भागाला मध्यवर्ती ठेवले आहे, ते त्यामुळेच. पुढे पार्ले, मुलुंड, डोंबिवली इथे जी वस्तीची घडण आपण पाहिली, तिचा पहिला मसुदा इथे लिहिला गेला.

या मसुद्याचे पहिले पान मात्र नगररचनेचे नाही. १८९० मध्ये माटुंग्याच्या माळावर, आजच्या वडाळ्याच्या बाजूला, बेघर कुष्ठरुग्णांसाठी एक आश्रम उघडला. तत्कालीन महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांचा त्यात पुढाकार होता आणि त्यांचेच नाव त्या रुग्णालयाला पुढे मिळाले. रस्त्यावर भीक मागणारे कुष्ठरोगी शहराच्या डोळ्यांसमोरून दूर व्हावेत, हा या सेवेचा एक हेतू होता आणि त्यांना निवारा मिळावा, हा दुसरा. दोन्ही हेतू खरे होते. शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या सार्वजनिक सेवेत काळजी आणि हकालपट्टी यांची अशी सरमिसळ पुढेही वारंवार दिसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अ‍ॅक्वर्थ हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ मध्ये मराठी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडी असलेले ते वाङ्मय ग्रंथबद्ध करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांतला तो एक महत्त्वाचा प्रयत्न. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने माटुंग्याला पहिली मोठी नागरी संस्था दिली, त्यानेच मराठीला पोवाड्यांचा एक आद्य संग्रह दिला. पन्नासेक वर्षांनी याच माटुंग्याच्या रेल्वेपलीकडच्या वस्तीत राहून गेलेला एक शाहीर स्तालिनग्राडचा पोवाडा रचणार होता. आपण अ‍ॅक्वर्थ-शाळिग्रामांना ‘लोकवाङ्मयाच्या संकलना’च्या तासाला शिकवतो आणि अण्णा भाऊ साठे यांना ‘दलित-श्रमिक साहित्या’च्या. एका जागेने या दोन पोवाड्यांना जोडले आहे, ही गोष्ट तासांच्या मधल्या सुट्टीत हरवते.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेग आला आणि मुंबईचा नकाशा बदलला. रोग कोंदट घरांतून आणि गलिच्छ गल्ल्यांतून पसरतो, या समजुतीवर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. नागपाड्यात पाडापाडी, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते आणि उत्तरेला दादर-माटुंगा व शीव-माटुंगा या नव्या वसाहतींच्या योजना, असा हा कार्यक्रम होता. भातखाचरे, वाड्या आणि पाणथळ जमिनी संपादित झाल्या. रस्ते आखले गेले. गटारे, पाण्याचे नळ आणि झाडे आधी आली, माणसे नंतर. मुंबईत तोवर उलटे घडत आले होते, कारण आधी माणसे गर्दी करीत आणि मग नगरपालिका नळ घेऊन मागून धावे. सेवा आधी आणि रहिवासी नंतर, हे या उपनगराचे खरे नावीन्य. या अर्थाने उपनगर म्हणजे शहरापासूनचे अंतर नव्हे. निरोगी, उजेडाचे, नळाच्या पाण्याचे जगणे मिळेल, असा तो सार्वजनिक संस्थेने दिलेला शब्द होता.

हा शब्द कोणाला दिला गेला? ज्यांची घरे प्लेगच्या नावाने पाडली गेली, त्यांना नव्हे. ट्रस्टने पाडलेली आणि बांधलेली घरे यांचा मेळ सुरुवातीच्या वर्षांत बसला नाही, हे इतिहासकारांनी दाखवले आहे. नागपाड्यातल्या मजुराला माटुंगा परवडण्यासारखे नव्हते आणि कामापासूनही ते फार दूर होते. तो शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागला. ट्रस्टने मजुरांसाठी चाळी बांधल्या, हे खरे. परंतु त्या परळ, माझगाव, आग्रीपाडा अशा कामाच्या वस्त्यांत. दीर्घ भाडेपट्ट्याचे भूखंड दादर-माटुंग्यात, आणि ते नोकरदार मध्यमवर्गाला. म्हणजे रचनेतच दोन प्रकारचे नागरिक गृहीत धरले होते, एक चाळीत बसवायचा आणि दुसरा भूखंडावर.

या भूखंडांवर जे समाजजीवन उभे राहिले, त्याचे वैविध्य विलक्षण होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ट्रस्टमध्ये अभियंते असलेल्या मंचरजी जोशी यांनी निम्नमध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी भूखंड राखून घेतले आणि दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी. उत्तरेला किंग्ज सर्कलभोवती कचेऱ्यांत टंकलेखक आणि हिशेबनीस म्हणून आलेली तमिळ कुटुंबे. त्यांच्याबरोबर कानडी, तेलुगू, मल्याळी. नंतर कच्छी आणि गुजराती व्यापारी. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या बाजूला पंजाबी आणि शीख निर्वासित. १९२६ मध्ये म्हैसूर असोसिएशन निघाली, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी, १९५२ मध्ये षण्मुखानंद सभा. गंमत अशी की, ज्या रस्त्यांवर तमिळ आणि कानडी कानांवर पडे, त्या रस्त्यांची नावे होती तेलंग, भांडारकर, भाऊ दाजी, चंदावरकर. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांचा आणि सुधारकांचा पट ट्रस्टच्या उपनगराने पत्त्यांत उतरवला होता. भाऊ दाजी रोडवर राहणाऱ्या किती जणांनी भाऊ दाजी लाड वाचले, हा प्रश्न विचारू नये. पण आपल्या विद्यार्थ्यांनी तरी तो रस्ता ओलांडताना विचारावा.

हे वैविध्य आपण कौतुकाने सांगतो, आणि ते कौतुकाचेच आहे. मात्र त्याची घडण नीट पाहिली पाहिजे. हे एकमेकांत मिसळलेले वैविध्य नव्हते, शेजारी शेजारी मांडलेले होते. प्रत्येक समाजाची आपली कॉलनी, आपली सोसायटी, आपली शाळा, आपले सभागृह. ज्या समाजाला अशी संस्था उभारता येत होती, त्याला उपनगरात जागा होती. समाजाने समाजासाठी बांधलेल्या सोसायट्यांना आपल्या कायद्यात आजही आधार आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. लहान समाजांना त्यातून सुरक्षितता मिळते, हा युक्तिवाद मी क्षुल्लक मानत नाही. परंतु हीच पद्धत साऱ्या शहराची रीत झाली की, आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्या घरमालकालाही तिचा आडोसा मिळतो.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याच खोलीची कथा आहे. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण, परक्या शहरात भाड्याची खोली आणि ती मिळावी म्हणून लपवलेली जात. त्या नावाचा संग्रह १९६३ मध्ये आला, तेव्हापासून आपण ती कथा विद्रोहाच्या परंपरेत वाचत आलो. ते योग्यच आहे. पण घर मिळण्याची अट म्हणजे जात, हे शहर कोणत्या रचनेतून घडवते, हा प्रश्न त्या कथेला विचारायचा आपण विसरलो. बागुल वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास नाशिककडून मुंबईला आले आणि माटुंगा लेबर कॅम्पात मावशीकडे वाढले. म्हणजे जिथे समाजासमाजाच्या वसाहती आखून दिल्या गेल्या होत्या, त्या उपनगराच्या ऐन कुशीत. कथेतले शहर दुसरे आहे. परंतु खोली आणि जात यांच्या नात्याचे पहिले धडे या लेखकाच्या बालपणाच्या शेजारीच, रुळांपलीकडे, विटांत बांधलेले उभे होते. हे माझे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच मांडतो. पण ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) मधली मुंबई वाचताना ते मला अधिकाधिक पटत जाते.

आता ज्या सेवेविषयी आपण सभ्यपणे बोलत नाही, तिच्याकडे वळू. दादर-माटुंग्याच्या इमारतींनी मुंबईच्या मध्यमवर्गाला एक नवी गोष्ट दिली, ती म्हणजे एका दाराआड सारे काही असलेला फ्लॅट. स्वयंपाकघर, मोरी आणि संडास, सारे आत. चाळीत संडास सज्जाच्या टोकाला होता, सामायिक होता, आणि जुन्या व्यवस्थेत त्याच्या टोपल्या हलालखोर वाहून नेत. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचा करच आहे. ज्या माणसाच्या स्पर्शाची किळस बाळगायची, त्याच्या नावाने पट्टी मात्र भरायची, अशी ती सोय होती. भूमिगत गटार आणि वाहते पाणी आले तेव्हा संडास घरात घेणे शक्य झाले. तरीही अनेक जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला सफाई कामगारासाठी वेगळा जिना राहिलाच. नळ आणि गटार यांनी विटाळाची जागा बदलली, विटाळ धुतला नाही. सोवळ्याओवळ्याचे मानस आणि आधुनिक नळकाम एकाच घरात निर्वेध नांदू शकतात, हे या उपनगराने आपल्याला दाखवले.

तो जिना चढणारा माणूस कुठे राहत होता? माटुंगा लेबर कॅम्प मध्य रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेला, धारावीला लागून आहे. सफाई कामगार, रेल्वे आणि गिरणी कामगार, दलित आणि श्रमिक कुटुंबे यांची ती वस्ती. ज्यांच्या कामावर पूर्वेकडचे निरोगी उपनगर चालत होते, त्यांतल्या अनेकांना सार्वजनिक नळासमोर रांग लावावी लागे. आजही प्रशासनाच्या नकाशावर माटुंगा पूर्व ‘एफ उत्तर’ विभागात आणि लेबर कॅम्प-धारावी ‘जी उत्तर’ विभागात आहे. एकाच स्थानकाच्या दोन बाजूंच्या नागरिकांनी तक्रार घेऊन जायची तीही दोन वेगळ्या कचेऱ्यांत. माझ्या विद्यार्थिनींच्या नकाशातली कोरी बाजू म्हणजे केवळ त्यांचे अज्ञान नव्हते. महापालिकेच्या सीमारेषेनेही कागद तिथेच दुमडलेला होता.

या वस्तीने मात्र आपल्या संस्था स्वतः उभारल्या. लेबर कॅम्प हा कम्युनिस्ट आणि आंबेडकरी चळवळींचा बालेकिल्ला झाला. १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महापालिकेच्या सफाई कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. वाटेगावाहून आलेले अण्णा भाऊ साठे या कॅम्पात राहिले, चळवळीत शिरले, आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके वाचत अक्षरे पक्की करीत गेला, असे सांगितले जाते. आपण ही गोष्ट त्यांच्या प्रतिभेच्या गौरवासाठी सांगतो. ती एका सार्वजनिक सेवेच्या अभावाचीही गोष्ट आहे, हे सांगत नाही. ज्या उपनगरात शाळांची इतकी दाटी होती, तिथे रुळांपलीकडच्या एका मोठ्या लेखकाला भिंतीवर शिकावे लागले.

या दोन बाजू कधी एकत्र आल्याच नाहीत, असे मला म्हणायचे नाही. उलट, जिथे त्या एकत्र आल्या त्या जागा फार महत्त्वाच्या आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या सार्वजनिक आहेत. खुद्द डॉ. आंबेडकरांचे निवासस्थान घ्या. वीसहून अधिक वर्षे ते परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले, ही चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १९३० च्या दशकात ते हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त गेले, ही जमीनही त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतली. चाळीतला नागरिक आणि भूखंडावरचा नागरिक अशी जी विभागणी १८९८ च्या संस्थेने केली, ती एका माणसाने आपल्या आयुष्यात ओलांडली, आणि भूखंड मिळाल्यावर घर बांधताना सर्वांत मोठी जागा दिली ती ग्रंथांना. १९३७ मध्ये माटुंग्यात सुरू झालेल्या गुरू नानक खालसा महाविद्यालयामागे त्यांची प्रेरणा होती. त्याच वर्षी पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीचे रुईया महाविद्यालय तिथून जवळच उघडले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ मध्येच भायखळ्याहून माटुंग्याला आली होती. अमृतसरच्या शिखांची संस्था, पुण्याच्या ब्राह्मणांनी वाढवलेली संस्था आणि गिरण्यांसाठी तंत्रज्ञ घडवणारी संस्था अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर याव्यात, हे या उपनगराचे खरे श्रेय. रुळांच्या दोन्ही बाजूंची मुले प्रथम एका बाकावर बसली असतील, तर ती इथे.

दुसरी जागा ग्रंथालयाची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जन्मही १८९८ चाच. ज्या वर्षी सरकारने घरे पाडण्यासाठी एक संस्था काढली, त्याच वर्षी ठाकूरद्वारच्या मराठी माणसांनी पुस्तके साठवण्यासाठी दुसरी काढली, आणि पुढे तीही शहराबरोबर उत्तरेला सरकत दादर-नायगावला आली. तिसरी जागा सभागृहाची. २ मार्च १९५८ रोजी पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले, ते दादर-नायगावच्या बंगाली हायस्कूलच्या सभागृहात. बंगाली समाजाने आपल्या मुलांसाठी बांधलेले दालन मराठी दलित साहित्याचे जन्मस्थळ ठरले. वैविध्याचा मला कळलेला अर्थ असा आहे. प्रत्येकाचे सभागृह वेगळे असणे म्हणजे वैविध्य नव्हे. एकाचे सभागृह दुसऱ्याला वेळेवर उघडले जाणे म्हणजे वैविध्य.

नारायण सुर्वे हे या परिसराचे कवी नव्हेत, पण या मुद्द्यासाठी त्यांचे स्मरण आवश्यक आहे. महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि नंतर महापालिकेच्याच शाळेत शिक्षक, असा त्यांचा प्रवास आहे. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या नावातली रस्त्याची शाळा आपण उचलून धरतो. पण त्या कवीला पगार, प्रतिष्ठा आणि लिहायला संध्याकाळ देणारी खरीखुरी शाळा महापालिकेची होती. मराठी साहित्याचा आर्थिक इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर त्यात प्रकाशकांइतकीच पाने नगरपालिकांच्या शाळांना, रेल्वेला आणि पोस्टाला द्यावी लागतील.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साहित्यकृती ही साहित्यकृती म्हणून वाचावी. तिच्यात नळ आणि गटारे शोधू लागलो तर समाजशास्त्राची परिशिष्टे तयार होतील. मला हा धोका दिसतो. बागुलांची भाषा, तिचा आवेग, वाक्यांची दमछाक करणारी लय ही कोणत्याही नगररचनेतून सिद्ध करता येणार नाही. परंतु ‘बटाट्याची चाळ’ वाचताना आपण चाळीचा जिना, गॅलरी, नळावरची गर्दी सहजपणे लक्षात घेतो. ते विनोदाचे द्रव्य आहे, म्हणून त्याला समाजशास्त्र म्हणत नाही. मग तेवढेच लक्ष उपनगराच्या मागच्या जिन्याकडे दिले, तर ते परिशिष्ट का ठरावे? स्थळाचा आग्रह मी धरतो, तो कलाकृतीचे मोल ठरवण्यासाठी नव्हे. वर्गवारीच्या सोयीने आपण जे तोडले, ते जोडून पाहण्यासाठी आहे. मध्यमवर्गीय साहित्य एका प्रश्नपत्रिकेत आणि दलित साहित्य दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ठेवल्याने विद्यार्थ्याला असे वाटते की, ही दोन वेगळ्या देशांची साहित्ये आहेत. प्रत्यक्षात एका बाजूचा घराआडचा संडास आणि दुसऱ्या बाजूची नळावरची रांग ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हे सारे सांगून पूर्वेकडच्या जुन्या रहिवाशाला अपराधी ठरवायचे आहे काय? नाही. १९३० साली पालघाटहून किंवा तंजावरहून आलेल्या कारकुनाने रुळांपलीकडची वस्ती आखलेली नव्हती. त्याने आपल्या तुटपुंज्या पगारात मुलांना शिकवले आणि मुंबईच्या संगीताला एक नवे दालन दिले. त्यांतल्या अनेकांची पुढची पिढी चेंबूरला, मुलुंडला, डोंबिवलीला गेली. म्हणजे तीही पुन्हा उपनगराच्या शोधात निघालीच. प्रश्न व्यक्तीच्या अपराधाचा नाही. सार्वजनिक संस्थेने दिलेला शब्द कोणाकोणाला लागू होता, याचा आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. धारावीच्या पुनर्विकासाचा निर्णय २००४ मधला. २०२२ मध्ये निविदा मंजुरीपर्यंत पोचून ते काम आता एका खाजगी उद्योगसमूहाच्या भागीदारीत चालले आहे. त्यात १ जानेवारी २००० ही तारीख पात्रतेची रेषा आहे. तिच्याआधीचा, तळमजल्यावरचा रहिवासी धारावीतच मोफत घराला पात्र. बाकीच्यांना बहुतांशी अन्यत्र जावे लागणार. १८९८ ची भाषा रोगराईची होती, आजची विकासाची आहे. पण घर पाडले जाईल त्यालाच नवे उपनगर मिळेल काय, हा जुना प्रश्न तसाच उभा आहे. ट्रस्टच्या इतिहासातून शिकण्यासारखे काही असेल तर ते हे, की आधी सेवा आणि मग माणसे हा क्रम उत्तम आहे. फक्त ‘माणसे’ या शब्दातून कोणी वगळले जाता कामा नये.

आपल्या हातात महापालिका नाही, वर्ग आहे. महापालिकेच्या मराठी शाळा रोडावत चालल्या आहेत, जुनी ग्रंथालये वाचकांची वाट पाहत बसली आहेत, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभारलेली व्यवस्था अनुदानाच्या हिशेबात दमली आहे. याविषयी आपण साहित्यिक म्हणून हळहळतो, पण अभ्यासक म्हणून बोलत नाही, कारण तो ‘विषय’ नाही. तो विषय करता येईल. एम.ए.च्या एखाद्या तरी प्रकल्पात विद्यार्थ्याला एक उपनगर द्यावे. त्याने त्या जागेतले सर्व साहित्य, कोणत्याही लेबलाचे, एकत्र वाचावे. तिथली शाळा कधी निघाली, ग्रंथालय कोणी काढले, पाणी कोणत्या वर्षी आले आणि कोणत्या गल्लीला उशिरा आले, याची नोंद करावी. मग त्या कथा-कविता पुन्हा वाचाव्यात. दुसऱ्या वाचनात काही बदलले नाही, तर माझे म्हणणे चुकले, असे खुशाल समजावे.

त्या दोन विद्यार्थिनींना मी सत्राच्या शेवटी आपले नकाशे बदलून घ्यायला आणि दुसरीच्या नकाशावरून चालून यायला सांगितले. कॉलनीतली मुलगी लेबर कॅम्पात तासभर फिरली. तिने लिहून आणलेल्या टिपणातले पहिले वाक्य साधे होते: तिथून रेल्वेचा पूल चढायला सात मिनिटे लागतात. दुसरीने पाच बगिच्यांतल्या बाकांची, झाडांची आणि सार्वजनिक नळांची मोजदाद करून आणली होती, आणि शेवटी विचारले होते की, एवढ्या मोठ्या बागेत आपल्याला कोणी अडवले नाही, मग आपण इतकी वर्षे आलो का नाही? या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पण बागुलांची कथा मी त्या वर्षी पुन्हा शिकवली, आणि त्या वेळी फळ्यावर आधी माटुंग्याचा नकाशा काढला, स्थानक मधोमध ठेवून.